गूगलसकट, गूगलविना, की नुसतंच ‘चालतंय ना’? हॅन्डहेल्ड बनवणाऱ्यांसाठी तीन रस्त्यांची तुलना

भोसरी-चाकणकडे गोदामासाठी स्कॅनरवाला हॅन्डहेल्ड, दुकानासाठी बिलिंगचं यंत्र किंवा दवाखान्यासाठी टॅबलेट काढायचं कुणी ठरवलं, की बोर्ड निवडून झाल्यावर पहिला वाद अँड्रॉइडवरून होतो. आवृत्ती 13 घ्यायची की 14, हा त्यातला किरकोळ भाग. खरा प्रश्न अँड्रॉइड कितपत ‘खरं’ हवं हा असतो.

अँड्रॉइडचा मूळ सोर्स, म्हणजे एओएसपी, खुला आहे. बराचसा भाग अपाची 2.0 परवान्याखाली येतो. उतरवून घ्या, बदला, विका, कुणाला विचारायला नको. (कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा, मात्र जीपीएल 2 या परवान्याखाली आहे. यंत्र घेणाऱ्याने कर्नलचा सोर्स मागितला तर आपल्या बदलांसकट द्यावा लागतो, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.) ‘अँड्रॉइड’ हे नाव आणि गूगलची अॅप्स या खुल्या भागात येत नाहीत. नाव लावायचं तर यंत्र कम्पॅटिबल हवं: त्या आवृत्तीच्या सीडीडी या नियमावलीतल्या सक्तीच्या अटी पाळायच्या आणि सीटीएस ही चाचण्यांची मालिका पास करायची. प्ले स्टोअरही हवं असेल तर त्यावर जीएमएसचा, म्हणजे गूगलच्या अॅप्स आणि सेवांच्या संचाचा, परवाना आणि गूगलच्या वेगळ्या चाचण्या.

थोडक्यात रस्ते तीन: बोर्डबरोबर आलेलं जसंच्या तसं वापरणं, सीटीएस पास होणारं पण गूगलविना, किंवा पूर्ण जीएमएस. बीआयएस (सुरक्षा मानकं) आणि डब्ल्यूपीसी (वायरलेसची मंजुरी) या सरकारी कटकटीत यापैकी कशानेही फरक पडत नाही, तेव्हा ते बाजूला ठेवू.

पहिला रस्ता सगळ्यात स्वस्त आणि जलद. नमुना आला, आपलं अॅप टाकलं, चाललं. पण अशा बिल्डच्या (तयार करून यंत्रावर भरलेल्या सिस्टिमच्या) फिंगरप्रिंटची, म्हणजे तिची ओळख सांगणाऱ्या ओळीची, शेपटी एकदा बघा. तिथे ‘टेस्ट-कीज’ दिसलं, तर सिस्टिमवर सही एओएसपीसोबत जगजाहीर असलेल्या किल्ल्यांनी केलेली आहे. त्याच किल्ल्यांनी सही केलेलं दुसऱ्या कुणाचंही अॅप सिस्टिमचे अधिकार मिळवू शकतं. कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणारं एसईलिनक्सही अनेकदा ‘परमिसिव्ह’वर सोडलेलं असतं, नियम मोडले की नोंद होते, अडवलं काहीच जात नाही. प्रदर्शनात दाखवायच्या नमुन्याला हे चालेल. गिऱ्हाइकाच्या गोदामात पाचशे यंत्रं लावायची असतील, तर मी तरी याला हात लावणार नाही.

तिसरा रस्ता कधी अटळ असतो? यंत्र ज्याच्या हातात जाणार तो त्यावर स्वतःची अॅप्स टाकणार असेल तेव्हा. बँकांची आणि पेमेंटची बरीच अॅप्स प्ले इंटिग्रिटी (यंत्र अस्सल आणि प्रमाणित आहे का याची गूगलची पडताळणी) तपासतात आणि प्रमाणित नसलेल्या यंत्रावर सरळ नकार देतात. तुमचं अॅप फायरबेसच्या पुश सूचनांवर किंवा गूगल मॅप्सच्या एसडीकेवर उभं असेल, तरीही प्ले सर्व्हिसेस लागतातच. छोट्या कंपनीने गूगलच्या दारात थेट उभं राहण्यापेक्षा आधीच परवाना असलेल्या ओडीएमकडून (दुसऱ्यांसाठी यंत्रं आखून बनवणाऱ्या कंपनीकडून) यंत्र बनवून घेणं सोपं. पण मग बोर्ड, आवृत्ती, वेळापत्रक, सगळं त्यांच्या कलाने. सिस्टिम सॉफ्टवेअर बदललं की चाचण्या आणि मंजुरी पुन्हा, आणि त्याचा वेळ-खर्च तुमच्याच खात्यात.

आता मधला. बंदिस्त कामाच्या यंत्रांना माझा कौल यालाच. इथे कुणी शिक्का मारून देत नाही, म्हणून लोक सीटीएस चालवायचीच टाळतात. ती फुकट मिळते, आपल्याच टेबलावर चालते आणि पुरवठादाराने काय लपवलंय ते बाहेर काढते. बोर्डवर होकायंत्र नाही, पण सिस्टिम ‘आहे’ म्हणून जाहीर करतेय, असले प्रकार इथे पकडले जातात. लिनक्सचा संगणक, यूएसबीला जोडलेलं यंत्र, स्क्रीनलॉक बंद, भाषा अमेरिकन इंग्रजी, एवढी मांडणी लागते. वायफायला आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) हवं; ऑफिसच्या साध्या राउटरवर ते बंद असेल तर नेटवर्कच्या चाचण्या पडतात आणि पोरं दोन दिवस ड्रायव्हरला शिव्या घालत बसतात. पूर्ण मालिका एका यंत्रावर फार रेंगाळते, म्हणून चार-सहा नमुने जोडून काम वाटून द्या. सीटीएस व्हेरिफायर हा हाताने करायचा भाग. यंत्र फिरव, कॅमेरा रोख, यासाठी माणूस बसवावाच लागतो. मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का, हेही डोळ्यांनीच बघा. जागा वाचवायला देवनागरी फॉन्ट काढून टाकणारे पुरवठादार असतात.

या रस्त्याची किंमतही आहे. पुश सूचनांसाठी एमक्यूटीटी या हलक्या निरोप-पद्धतीचा स्वतःचा सर्व्हर, नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप. वेबव्ह्यू (अॅपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) प्लेवरून आपोआप ताजा होत नाही, तो तुमच्या ओटीएमधूनच, म्हणजे नेटवरून पाठवलेल्या सिस्टिम अपडेटमधूनच, पाठवायचा. अॅपमध्ये बाहेरची पानं उघडत असतील तर यात हयगय नको. किऑस्कसाठी (यंत्र एकाच अॅपला बांधून ठेवायला) होम बटण लपवायचं म्हणून फ्रेमवर्क, म्हणजे अॅप्सखालचा अँड्रॉइडचा कोड, खरवडत बसू नका. डिव्हाइस ओनर (यंत्राचा पूर्ण ताबा एका अॅपला देणं) आणि लॉक टास्क (ठरावीक अॅपबाहेर जाऊ न देणं) या सोयी आवृत्ती 5.0 पासून एओएसपीतच आहेत. फ्रेमवर्कला हात लावला नाही तर पुढच्या वर्षीचे पॅच निमूट बसतात.

गूगलवालं आणि कम्पॅटिबल नसलेलं अशी दोन्ही मॉडेलं एकाच कंपनीने काढायला पूर्वी गूगलच्या करारांचा अडसर होता. भारतीय स्पर्धा आयोगाच्या ऑक्टोबर 2022 च्या आदेशानंतर, जानेवारी 2023 मध्ये गूगलने भारतापुरत्या या अटी सैल करत असल्याचं जाहीर केलं. तरी तुमच्या ओडीएमचा करार नेमका काय म्हणतो, ते वकिलाला वाचायला द्या.

आगाऊ रक्कम देण्याआधी बोर्डवाल्याकडे तीन गोष्टी मागा: कर्नलचा सोर्स, सुरक्षा पॅच किती वर्षं देणार ते लेखी, आणि सीटीएसचा अहवाल. अहवालातला फिंगरप्रिंट हातातल्या नमुन्याशी ताडून बघा. जुन्याच कुठल्यातरी बिल्डचा कागद पुढे सरकवला जातो. मग नमुन्यावर एओएसपीचं जीएसआय, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालावं असं बदल न केलेलं अँड्रॉइड, टाका. 2017 मध्ये आठव्या आवृत्तीसोबत ट्रेबल ही नवी रचना आली, तेव्हापासून हार्डवेअरचा भाग वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो, त्यामुळे जीएसआयवर यंत्र सुरू व्हायलाच हवं. स्कॅनरचं बटण त्यावर चालणार नाही कदाचित, पण स्क्रीन, टच आणि वायफाय चाललं नाही तर दुसरा बोर्ड बघा.