लाकूडतोडीची इंग्रजी बोली पोलिशमध्ये: फुकटच्या यंत्रानुवादाचं परीक्षण

फुकट मिळणारा सर्वसाधारण यंत्रानुवाद तोडकामाच्या मजकुराला चालेल का? यंत्रकरवतीचं माहितीपत्रक असेल तर खुशाल वापरा. पण सुरक्षा-सूचना असेल आणि ती इंग्रजी लाकूडतोड्यांच्या बोलीत लिहिलेली असेल, तर एकही वाक्य तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.

गंमत म्हणजे जड तांत्रिक शब्दांवर हा अनुवाद फारसा अडखळत नाही. 'हार्वेस्टर' (झाड तोडून तुकडे करणारं यंत्र), 'फॉरवर्डर' (ते ओंडके उचलून वाहून नेणारं यंत्र) हे शब्द पोलिशमध्ये जवळपास तसेच आहेत. घोळ होतो तो साध्यासुध्या, घरगुती दिसणाऱ्या शब्दांवर. 'लँडिंग' म्हणजे ओंडके ओढून आणून रचायची जागा, पोलिशमध्ये 'स्क्वाद्नित्सा'. आजूबाजूला संदर्भ नसेल तर यंत्र 'लोंदोवान्ये' देतं, म्हणजे विमानाचं उतरणं. 'क्रूझ' म्हणजे उभ्या झाडांतून किती लाकूड निघेल याचा अंदाज. त्याचं 'रेय्स' होतं, म्हणजे जलप्रवास. बारच्या, म्हणजे जिच्याभोवती करवतीची साखळी फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागून करवत अंगावर उसळते, त्या 'किकबॅक'ला पोलिशमध्ये 'ओद्बिचे' म्हणतात. सुटा शब्द टाकला तर 'वापुफ्का', म्हणजे लाच, असं उत्तर येऊ शकतं.

या चुका निदान डोळ्यांना खुपतात. 'डचमन'ची चूक खुपत नाही, म्हणून ती जास्त वाईट. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूच्या खाचेचे दोन काप एका रेषेत भेटले पाहिजेत. एक काप पुढे गेला की जी चीर राहते, तिला इंग्रजीत 'डचमन' म्हणतात. झाड कलायला लागलं की ही चीर खाचेच्या आधी मिटते, मधली न कापलेली पट्टी वेळेआधी तुटते आणि झाड भलत्या दिशेला जातं किंवा खोड चिरतं. 'डचमन टाळा' याचं पोलिश 'होलेन्देर' शब्द घालून व्याकरणशुद्ध होतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की कुणा हॉलंडच्या माणसापासून दूर राहायचंय. इथे मूळ गंमतशीर नाव सोडून द्यावं आणि 'खाचेचे काप एकमेकांना ओलांडू देऊ नका' असं सरळ लिहावं.

'बार्बर चेअर'चंही तेच. कललेल्या झाडाचा मागचा काप, म्हणजे खाचेच्या विरुद्ध बाजूचा, पुरा होण्याआधीच वजनाने खोड उभं चिरतं आणि मागचा भाग उसळून कापणाऱ्यावर येतो. शब्दशः 'फोतेल फ्रिझ्येर्स्की' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर न्हाव्याची खुर्ची येते, धोका येत नाही. 'रोश्श्चेप्येन्ये प्न्या', म्हणजे खोडाचं चिरणं, हे लगेच कळतं.

उपाय अनुवादानंतर नाही, आधी करायचा. मजकुरातले बोलीचे शब्द शोधून त्यांच्या जागी साधं, लांबलचक इंग्रजी लिहा: 'लँडिंग'ऐवजी रस्त्याकडेची लाकूड साठवायची जागा, 'किकबॅक'ऐवजी करवतीच्या बारचं उसळणं. मग यंत्राला द्या. फरक तिथल्या तिथे दिसतो. करवतीच्या मोठ्या कंपन्या एकच पुस्तिका अनेक भाषांत काढतात; इंग्रजी आणि पोलिश प्रत शेजारी ठेवून आकृतीवरून आकृती ताडली की भरवशाचे शब्द हाती लागतात.

शब्दसूची जोडायची सोय असलेल्या सेवेतही एक अडचण आहे. पोलिशमध्ये सात विभक्त्या आहेत. 'पिलार्का' (यंत्रकरवत) हा शब्द वाक्यात 'पिलार्की', 'पिलार्त्से', 'पिलार्कें', 'पिलार्कों' असा बदलतो. सूचीतलं मूळ रूप जसंच्या तसं चिकटवलं गेलं तर वाक्य मोडतं, म्हणून विभक्ती हाताने तपासा. उलट अनुवाद करून खात्री करायची सवयही इथे दगा देते. वादळात मोडलेल्या झाडाला पोलिश वनखात्यात 'झ्वोम' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण उलटं फिरवलं की 'भंगार' येतं आणि माणूस बरोबर शब्द चूक समजून खोडतो.

आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. एक बोर्ड फूट म्हणजे १२ इंच × १२ इंच × १ इंच, म्हणून १००० बोर्ड फुटांचे २.३६ घनमीटर हा हिशेब कापलेल्या फळ्यांना ठीक आहे. गोल ओंडक्यांचं मोजमाप बोर्ड फुटांत दिलेलं असेल तर तो त्यातून निघणाऱ्या फळ्यांचा अंदाज असतो, ओंडक्याचं घनफळ नव्हे. 'कॉर्ड'चं 'श्नुर', म्हणजे दोरी, झालेलं असेल तर तेही बदला. कॉर्ड म्हणजे रचलेल्या लाकडाचे १२८ घनफूट, साधारण ३.६२ 'मेत्र प्शेस्त्शेन्नी', म्हणजे रचलेल्या लाकडाचे घनमीटर. यात ओंडक्यांमधली हवाही मोजलेली असते. तिथे 'मेत्र शेश्चेन्नी', म्हणजे नुसतं घनमीटर, लिहिलं तर खरेदीदाराला भरीव लाकूड कबूल केल्यासारखं होतं.