तयार खरेदी-गट की स्वतःचा गट? एकत्र खरेदीच्या दोन मार्गांचा आढावा

एकत्र खरेदी केली की माल स्वस्त पडतो, हे कोणत्याही व्यावसायिकाला वेगळे सांगावे लागत नाही. अडते ते त्यापुढच्या निर्णयावर. सदस्यांच्या वतीने पुरवठादारांशी दर ठरवणाऱ्या, आधीच उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या खरेदी-गटाचे सदस्यत्व घ्यावे, की आपल्यासारख्याच चार-सहा व्यावसायिकांना जमवून खरेदीची सूत्रे आपल्याच हातात ठेवावीत? मी पॅकिंगचे काम करतो. तीन वर्षे मी पहिल्या मार्गाने खरेदी केली आणि गेली पाच वर्षे दुसऱ्या मार्गाने करतो आहे. त्यामुळे पुढचे सारे एका माणसाच्या अनुभवावर आधारलेले आहे, हे लक्षात घेऊनच ते वाचावे.

तयार गटाची सोय मोठी असते, हे आधी मान्य केले पाहिजे. सही केल्यापासून काही दिवसांत हजारो वस्तूंचे दरपत्रक हाती येते. त्यासाठी कोणाशी घासाघीस करावी लागत नाही, बैठका घ्याव्या लागत नाहीत आणि कुरिअर, स्टेशनरी, सफाईचे सामान अशा किरकोळ गोष्टींवरही सूट मिळते. ज्याच्याकडे खरेदी पाहणारा वेगळा माणूस नाही, त्याला एवढ्यानेच हायसे वाटते. मलाही पहिले सहा महिने तसेच वाटत होते.

या गटांचा खर्च बहुधा पुरवठादार भागवतो. सदस्यांनी केलेल्या खरेदीवर ठरावीक टक्के शुल्क तो गटाला देतो. अमेरिकेत रुग्णालयांची अशी एकत्रित खरेदी १९१० पासून चालत आलेली आहे. तिथल्या सरकारी आरोग्य योजनांना लागू असलेल्या नियमांनुसार हे शुल्क ३ टक्के किंवा त्याहून कमी असल्याचे लेखी करारात नमूद करावे लागते, नाहीतर नेमकी किंवा कमाल रक्कम तरी लिहावी लागते, आणि कोणत्या पुरवठादाराकडून किती मिळाले हे गटाने सदस्याला वर्षातून एकदा लेखी कळवावे लागते. आपल्या व्यवसायाला असा नियम लागू नसला, तरी हा तपशील मागण्यात काहीच गैर नाही. शुल्क घेणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र गटाचे उत्पन्न पुरवठादाराकडून येत असेल, तर तक्रारीच्या वेळी गटाचा आवाज किती चढेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

माझा निर्णय ज्या गोष्टीने फिरवला, ती दिसायला अगदी क्षुल्लक होती. आम्ही ४८ मिलिमीटर रुंदीची पारदर्शक चिकटपट्टी नियमित मागवत असू. करारातला दर त्या वस्तूच्या कोडला बांधलेला होता. एकदा माल कमी पडला म्हणून पुरवठादाराने तशीच, दुसऱ्या उत्पादकाची पट्टी पाठवली. तिच्या कोडमधले शेवटचे एक अक्षर तेवढे वेगळे होते, आणि त्या अक्षरापायी करारातला दर लागू न होता बिल छापील दराने आले. गटाला फोन केला तर पुरवठादाराशी बोला असे सांगण्यात आले. पुरवठादार म्हणाला की गटाने या कोडचा दर यादीत नोंदवलेलाच नाही. क्रेडिट नोट, म्हणजे जादा आकारलेली रक्कम वळती करून देणारे पत्र, मिळायला दोन महिने लागले, आणि तोवर हाच प्रकार फिल्मच्या रोलबाबत घडला होता. पुढे दर महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे एका बाजूला दरपत्रक, दुसऱ्या बाजूला बिलांची चळत आणि ओळीखाली फूटपट्टी धरून कोड जुळवत बसणे, असे होऊन बसले. प्रत्येक बिलातली रक्कम लहान होती, पण सूट मिळते आहे की नाही हे तपासण्यातच माझ्या संध्याकाळी जात होत्या. दुसरीकडे वळणेही सोपे नव्हते, कारण त्या प्रकारच्या मालाची ८० टक्के खरेदी गटामार्फतच करण्याचे बंधन मी स्वीकारलेले होते.

स्वतःच्या गटातही कटकटी आहेत, आणि त्या लपवून ठेवणे योग्य होणार नाही. आम्ही पाच जण आहोत. दर तिमाहीला कोणाला किती माल लागेल याचा अंदाज आधी द्यावा लागतो आणि तो चुकतो. एकदा ऑर्डर गेल्यावर एका सदस्याने हात काढून घेतला, तेव्हा त्याच्या वाटची खोकी उरलेल्या चौघांना आपापल्या गोदामात कशीबशी बसवावी लागली. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या: प्रत्येकाने अनामत ठेवायची, आणि दर एकत्र ठरवला तरी ऑर्डर व बिल ज्याच्या-त्याच्या नावाने करायचे, म्हणजे एकाची उधारी दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. शिवाय एकाच धंद्यातली माणसे एकत्र बसणार असतील, तर बोलणे खरेदीपुरतेच ठेवावे. विक्रीच्या दराचा विषय निघाला की स्पर्धा-कायद्याचा प्रश्न उभा राहतो. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक तत्त्वांत खरेदी व विक्री या दोन्ही बाजारांत सदस्यांचा एकत्रित वाटा १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर अशा संयुक्त खरेदीकडे सहसा संशयाने पाहिले जात नाही. छोट्या गटांना ही मर्यादा क्वचितच आड येते.

हा मार्ग फक्त लहानांसाठी आहे असेही नाही. शिकागोतील काही हार्डवेअर दुकानदारांनी १९२४ मध्ये एकत्र खरेदीसाठी सुरू केलेली एस हार्डवेअर १९७६ मध्ये दुकानदारांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली. तिथे वर्षअखेरीच्या शिलकेतला वाटा खरेदीच्या प्रमाणात सदस्यांकडेच परत जातो.

ज्याच्या खर्चाचा मोठा भाग तीन-चार वस्तूंवरच होतो, त्याने माझ्या मते स्वतःचा गट करून पाहावा. ज्याची खरेदी शंभर किरकोळ वस्तूंत विखुरलेली आहे, त्याला तयार गटच सोयीचा पडेल. मीही किरकोळ सामानासाठी असे एक सदस्यत्व आजही ठेवले आहे, मात्र त्यात किमान खरेदीचे बंधन नाही.

पर्यायी माल पाठवल्यास मूळ मालाचाच दर लागेल, हे वाक्य आम्ही आमच्या करारात घालून घेतले आहे. पाच जणांच्या ऑर्डरी समोर असताना पुरवठादाराने ते अर्ध्या तासात मान्य केले. तयार गटाकडे जाणार असाल, तर सही करण्यापूर्वी हे एक वाक्य तिथे घालून मिळते का, तेवढे विचारून पाहा.