पावसाचा टक्का: ठाण्यात कितपत कामाचा?

फोनसोबत आलेलं हवामान अॅप फुकट असतं, त्यामुळे त्याचं परीक्षण कुणी करत नाही. शिव्या मात्र सगळे देतात. "८०% दाखवलं आणि थेंब नाही" ही तक्रार जून उजाडला की लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रार मुळातच चुकीच्या जागी आहे. ८०% सांगितलेल्या दर दहा दिवसांपैकी सरासरी दोन दिवस कोरडे जायलाच हवेत. एकही कोरडा जात नसेल, तर ते अॅप हातचं राखून सांगतंय असं म्हणायचं. एका दिवसावरून टक्का बरोबर की चूक हे ठरतच नाही. ते ठरवायची रीत वेगळी आहे आणि ठाण्याच्या कुठल्याही गच्चीवर ती जमते.

इथे एकच एक अॅप तपासलेलं नाही. नेहमीच्या अॅपांमधला 'पावसाची शक्यता' हा आकडा आणि त्याच्या जोडीला हवामान खात्याचा रंगीत इशारा, अशा दोन गोष्टींकडे पाहिलं आहे.

आधी टक्का म्हणजे काय ते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने १९६०च्या दशकात रोजच्या अंदाजात टक्के द्यायला सुरुवात केली. तिची व्याख्या अशी: ठरलेल्या वेळात, त्या भागातल्या एखाद्या ठिकाणी किमान ०.०१ इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, पाऊस पडण्याची शक्यता. बरीच अॅपं याच्याच आसपासची सीमा धरतात. आपलं हवामान खातं मात्र २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तरच 'पावसाचा दिवस' मोजतं. फरक दसपट आहे. म्हणजे ९०% दाखवलं आणि रस्ता नुसता ओला झाला, तरी अॅपच्या हिशेबात ते जिंकलं. पाऊस किती पडेल हे टक्का सांगत नाही. त्यासाठी आकड्यावर बोट ठेवून आतला मिलिमीटरचा अंदाज उघडावा लागतो, आणि बहुतेक जण तिथवर जात नाहीत. ९०% आणि १ मिमी असेल तर छत्रीसुद्धा ऐच्छिक. ४०% आणि ६० मिमी असेल तर गाडी तळघरातल्या पार्किंगमधून वर काढलेली बरी.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना 'उद्या पावसाची शक्यता ३०%' याचा अर्थ विचारला. बहुसंख्य लोकांनी बरोबर अर्थ (अशा दर दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस) सांगितला तो एकट्या न्यूयॉर्कमध्ये. युरोपात पहिली पसंती 'दिवसाच्या ३०% वेळ पाऊस' याला होती आणि दुसरी 'शहराच्या ३०% भागात पाऊस' याला. टक्का कशाचा आहे हे अॅपने सांगितलं नाही, तर वाचणारा स्वतःला सोयीचं काहीतरी त्यात भरतो. बहुतेक अॅपं आजही हे सांगत नाहीत. त्यांचा हा सर्वांत मोठा दोष.

तासातासाचा पट्टा त्याहून फसवा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ अशा आठही तासांवर २०-२०% लिहिलेलं असतं, आणि माणूस म्हणतो, "वीसच टक्के आहे, जाऊ दे." प्रत्येक तास दुसऱ्यापासून स्वतंत्र धरला, तर आठपैकी एका तरी तासात भिजण्याची शक्यता ८३% होते (०.८ आठ वेळा गुणा, उरतं सुमारे ०.१७). पाऊस सरींनी येतो, तास एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे खरा आकडा २० आणि ८३च्या मध्ये कुठेतरी पडतो. पण तो २० नक्कीच नसतो. 'यांपैकी निदान एकदा तरी घडेल' अशा शक्यता माणसं कमीच धरतात. मानसशास्त्रज्ञ ॲमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४च्या लेखात हे मांडलं होतं. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर दिवसाचा टक्का बघा. तासांचा पट्टा पुढच्या दोन-तीन तासांपुरता ठीक, स्टेशनला आत्ता निघावं की अर्ध्या तासाने, एवढं ठरवण्यापुरता.

आता अॅप तपासायची रीत. साहित्य: १० सेंमी तोंडाचं नरसाळं, दोन लिटरची बाटली, खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण आणि वही. नरसाळं बाटलीत घट्ट बसवा, बाटली विटांच्या मध्ये उभी करा. गच्चीवर पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली असेल, तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेली बाटली बाद. वाऱ्याची दिशा बदलली की तिचा हिशेब बदलतो. या नरसाळ्यात १ मिमी पाऊस म्हणजे जवळपास ८ मिली पाणी, २.५ मिमी म्हणजे २० मिली, दोन झाकणं. एक लिटरची बाटली १२७ मिमीलाच भरून वाहते, आणि येऊरच्या पायथ्याशी एखाद्या दिवशी तेवढा सहज पडतो. म्हणून दोन लिटरची.

रोज रात्री ठरलेल्या वेळी, समजा ११ वाजता, पाणी मोजा, बाटली रिकामी करा आणि लगेच उद्याच्या दिवसाचा टक्का लिहा. टक्का आधी लिहिणं सक्तीचं. पाऊस पडून गेल्यावर 'काल बहुतेक ६० होता' असं आठवायला गेलं, की आठवण निकालाकडे सरकते. मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हा दोष प्रयोगांनी दाखवला. अॅपच्याच 'आज किती पडला' या चौकटीवरून निकाल लावू नका. तिथला आकडा बहुधा मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो, म्हणजे विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासल्यासारखं. वर्तमानपत्रातला आकडाही जुळणार नाही, कारण हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ला बदलतो. निकालाचे रकाने दोन ठेवा: बाटलीत पाणी दिसलं का (हा अॅपला न्याय) आणि २० मिली भरलं का (हे तुमच्या कामाचं).

गुण द्यायचं सूत्र अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली दिलं. टक्का दशांशात लिहा, पाऊस पडला तर १ आणि नाही तर ०, दोघांच्या फरकाचा वर्ग करा. ८० सांगितलं आणि पडला: ०.०४. ८० सांगितलं आणि नाही पडला: ०.६४. हंगामाची सरासरी काढा. जितकी कमी तितकं अॅप चांगलं. डोळे मिटून रोज ५० सांगणाऱ्याला ०.२५ मिळतात.

पण इथेच बहुतेकांची गाडी घसरते. समजा जुलैत दहातल्या नऊ दिवशी पाऊस पडला. रोज ९०% सांगणाऱ्या निव्वळ ठोकळ्याला ०.०९ मिळतात. तुमच्या अॅपचे जुलैचे गुण ०.०९ आले, तर ते अॅप हुशार नाही. ठाण्यात जुलैत पाऊस पडतो एवढंच त्याला माहीत आहे, आणि ते नौपाड्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. खरी परीक्षा जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा निम्मे दिवस कोरडे गेले, तर ठोकळ्याला ०.२५ मिळतात. अॅपने ०.१७ मिळवले तर १ वजा (०.१७ भागिले ०.२५), म्हणजे ०.३२ इतकं कौशल्य त्याचं स्वतःचं. शून्याच्या खाली गेलं तर काढून टाका. जुलैत बहुतेक अंदाज बरोबर आले म्हणून खूश होऊन अॅपला पाच तारे देणं म्हणजे मूळ प्रमाण, म्हणजे एरवीच किती दिवस पाऊस पडतो ते, विसरणं.

आणखी एक सावधगिरी. ७०% वाले दहा दिवस झाले, त्यात पाचच दिवस पाऊस आला, म्हणून लगेच निकाल लावू नका. अॅप अगदी अचूक असलं तरी दहात पाच किंवा त्याहून कमी दिवस पाऊस येण्याची शक्यता १५% आहे. छोट्या नमुन्यावर नको तेवढा विश्वास ठेवायची खोड संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही सुटत नाही. प्रत्येक गटात (०–२०, ३०–५०, ६०–८०, ९०–१००) पंचवीस-तीस दिवस जमू द्या. म्हणजे एक हंगाम कमी पडू शकतो. हो, काम चिकाटीचं आहे. तपासताना खालच्या टोकाकडे विशेष लक्ष द्या: १०–२०% सांगितलेले दिवस जवळपास सगळेच कोरडे निघत असतील, तर आकडा मुद्दाम फुगवलेला असू शकतो. न सांगता भिजवलं तर गिऱ्हाईक चिडतं, सांगून कोरडं ठेवलं तर विसरतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक अंदाजांत असा कल सापडलेला आहे.

ठाण्याची अडचण भूगोलाची. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी, पलीकडे पारसिकची रांग. कासारवडवलीत कोसळत असताना कोपरीत ऊन, हे नेहमीचं. अंदाजाची गणितं मात्र नकाशाच्या चौकोनांवर चालतात, एका चौकोनाला एकच आकडा. भारतातलं नेहमीचं जागतिक प्रारूप १२ किमीच्या चौकोनांचं. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमने ते ६ किमीवर आणलं. सहा किमीतही डोंगराचा उतार आणि खाडीकाठ एकत्र येऊ शकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत पाऊस नोंदला गेला होता. त्यामुळे अॅपमध्ये 'ठाणे' निवडून समाधान मानू नका. आपल्या इमारतीचं नेमकं ठिकाण द्या, आणि तरी डोंगराच्या बाजूचा फरक राहील हे धरून चाला.

हवामान खात्याचे रंग ही वेगळी वस्तू आहे. हिरवा: काही करायची गरज नाही, पिवळा: लक्ष ठेवा, नारिंगी: सज्ज राहा, लाल: कृती करा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यावर अत्यंत जोरदार. रंगात टक्का नाही, आणि ते योग्यच आहे. इशारा देताना चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडलं की शाळेच्या सुट्टीवरून थट्टा सुरू होते, पण निर्णय चांगला होता की वाईट हे निकालावरून ठरवणं हाच तर मूळ दोष. शिवाय इशारा जिल्ह्याचा असतो. ठाणे जिल्हा मीरा-भाईंदरपासून शहापूर-मुरबाडच्या घाटापर्यंत पसरलेला. शहापुरात झोडपलं तर वागळे इस्टेट कोरडी राहूनही इशारा खरा ठरतो. नवी मुंबईकरांनी तर जिल्हाही तपासावा: बेलापूर ठाण्यात, खारघर रायगडात. आणि 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यातला तुरळक हा जागांबद्दल आहे, जोराबद्दल नाही. जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, पण जिथे पडेल तिथे धो-धो.

पंचांगातलं नक्षत्राचं वाहन मात्र या परीक्षेला बसूच शकत नाही. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ; पण कुठे, कोणत्या दिवशी, किती, हे नसल्यामुळे ते कधी हरत नाही.

टक्का हाती आल्यावर करायचं काय? किती टक्क्यांना हालचाल करायची हे अॅप ठरवत नाही, तुमचं नुकसान ठरवतं. बचावाचा खर्च भागिले न बचावल्यास होणारं नुकसान, हा उंबरठा. सोसायटीची कोजागिरी गच्चीवर आहे; ताडपत्रीच्या मांडवाला ९,००० रुपये लागतात, आणि पाऊस आला तर दूध, खाणं, भाड्याचा साउंड मिळून ३६,००० रुपये पाण्यात. उंबरठा २५%. अॅप ३०% म्हणालं की मांडव घाला, '३० म्हणजे नाहीच' म्हणत बसू नका. पाऊस आला नाही म्हणून कमिटीने खजिनदाराला धारेवर धरायचंही कारण नाही. लोकलचा हिशेबही असाच, फक्त तिथे भरतीचं वेळापत्रक जोडा. भरतीची वेळ आणि उंची आधीपासून पक्की माहीत असते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि नारिंगी इशारा एकाच दुपारी आले, तर कुर्ला-शीव पट्ट्यासाठी एरवीपेक्षा बऱ्याच कमी टक्क्यालाही लवकर निघणं परवडतं.

दोन अॅपं सारखं सांगतात म्हणून खात्री दुप्पट होत नाही. दोघांचं मूळ गणित बऱ्याचदा एकच असतं. हवा तो आकडा मिळेपर्यंत तिसरं, चौथं अॅप उघडत जाणं तर निव्वळ स्वतःची समजूत. दहा दिवसांचा पट्टा जितका पुढचा तितका कमी भरवशाचा, मांडवाची तारीख त्यावर ठरवू नका.

ऑक्टोबरात टक्का सगळ्यात कच्चा. दुपारनंतरचे गडगडाटी ढग तास-दोन तासांत तयार होतात आणि पूर्वेकडून, बदलापूर-कल्याणच्या दिशेने येतात. पावसाळ्यात पश्चिमेकडे बघायची सवय तेव्हा उपयोगाची नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी दुपारी चारनंतर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईचं रडार उघडा, लागोपाठची तीन-चार चित्रं बघा आणि गडद ठिपका कल्याणच्या अलीकडे सरकतोय का ते तपासा. सोबत खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघा. ठिपका सरकत असेल, तर अॅपवर १०% लिहिलेलं असलं तरी ताडपत्री वर चढवून ठेवा.