रक्ताची तपासणी की आठवणीची?

दारव्ह्याकडच्या शेजाऱ्याच्या पोराचा फोन आला. "काका, माय तूर निवडता निवडता तेच तेच इचारते. नागपूरले नेऊन रक्तातलं टाऊ पाहू, का इथंच स्मरणचाचणी करू?"

टाऊ हे मेंदूतलं एक प्रथिन. त्याचा रक्तात मोजता येणारा एक प्रकार, पी-टाऊ२१७, अल्झायमर या विसराळूपणाच्या आजारात मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलंय का, याचा अंदाज देतं. पण हे साचणं लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरू होतं. म्हणजे अहवाल पॉझिटिव्ह आणि माणूस ठणठणीत, असंही होतं. किडनी बिघडलेली असेल तर आकडा फुगतो. अमेरिकेत २०२५ मध्ये अशा चाचणीला मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्यांसाठीच.

स्मरणचाचणी स्वस्त, दहा-पंधरा मिनिटांची. मेंदू चालतो कसा ते दाखवते. मात्र एमएमएसई या ३० गुणांच्या नेहमीच्या स्मरणचाचणीत वाचावं-लिहावं लागतं. शाळा न पाहिलेल्या मायचे गुण उगाच जातात. तिच्यासाठी हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षरांना धरून घडवलेली हिंदी आवृत्ती बरी. (आणि आधी कान तपासा, ऐकूच येत नसेल तर उत्तर काय देणार?)

हात आखडता असेल तर स्मरणचाचणी, सोबत बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी (त्यांच्या बिघाडानंही विसर पडतो). निदान अडलं किंवा अमायलॉइड काढणाऱ्या लेकॅनेमॅबसारख्या औषधाचा विचार असेल, तरच टाऊसाठी नागपूर.