900 रुपये ग्रॅमचं भस्म : शुगर असलेल्या पुरुषांनी जरूर वाचा

भाऊंनो, जळगावात मला भस्माच्या नावाखाली 18,000 रुपयांना लुटलं. पैसा कापसाचा होता. तो गेला तो गेलाच, पण त्यांची पद्धत सगळ्यांना कळावी म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मला शुगर आणि बीपी दोन्ही. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी वाढवून दिली. पेटंट संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली, आता तालुक्याच्या मेडिकलवरही मिळते. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. काही दिवसांतच लिंगाच्या पुढच्या कातडीला खाज सुटली, लाली आली, बारीक चिरा पडल्या. ताठरता तर आधीपासूनच कमी झाली होती. असलं दुखणं माणूस घरातसुद्धा बोलत नाही, आणि या लोकांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

मेडिकलमधून बाहेर पडलो तर एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला. चांगला इस्त्रीचा शर्ट, बोलणं आपल्यातलंच. "आप्पा, शुगर शे का? माले बी हाईच व्हतं." मग हळूच खालच्या तक्रारीचं विचारलं. एका वैद्यामुळे आपण बरे झालो म्हणाला आणि स्वतः तिथवर घेऊन गेला. वैद्याने नाडी धरली, "इंग्रजी गोळ्यांनी नसा जळाल्या, वर गरमी झालीय" असं सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. फी एक रुपयाही घेतली नाही.

चिठ्ठी घेऊन पलीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. खरा डाव तिथे होता. मी भाव विचारला. "नऊशे," एवढंच उत्तर मिळालं. कशाचे नऊशे, ते सांगितलं नाही. दुकानदाराने तीन-चार डब्यांतून चिमटी-चिमटी काढलं, खलात घातलं, वरून काळपट भस्म टाकलं आणि सगळं एकत्र घोटलं. मग काट्यावर ठेवून म्हणाला, "वीस ग्रॅम, अठरा हजार." मी नको म्हणालो, तर "तुमच्यासाठी घोटलेला माल आता दुसऱ्याला विकू का?" म्हणत दोघं-तिघं आडवे उभे राहिले. फोनवरून पैसे घेतल्यावरच वाट सोडली.

वैद्याने शुगरच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. पुडीने सुरुवातीला गुण आल्यासारखं वाटलं. सोबत डोकं ठणकायचं, चेहरा लाल व्हायचा. उपाशीपोटीची शुगर 300 च्या वर गेली तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पुडी बघितली. अशा भुकट्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरता आणणारं इंग्रजी औषध, मिसळलेलं सापडतं, म्हणाले. हृदयासाठी नायट्रेटची, जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आमच्या गल्लीतच अशी गोळी खिशात घेऊन फिरणारे दोघं आहेत. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

आणि ती "गरमी"? लघवीत साखर उतरते म्हणून तिथे बुरशी धरते. शुगरच्या त्या डापाग्लिफ्लोझिन गोळीचा हा माहीत असलेला त्रास आहे. क्लोट्रिमाझोलचं साधं मलम, पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं, एवढ्यावर बरं झालं. ताठरतेचं कारण वेगळं निघालं. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, आणि माझी बीपीची जुनी गोळी, अटेनोलॉल, तीही त्यात भर घालू शकते. डॉक्टरांनी ती बदलली आणि हृदयाची तपासणी करायला लावली, कारण पुरुषाची ही तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या आधी दिसते.

लैंगिक ताकद वाढवण्याची किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच हे लोक फलक न लावता माणूस पाठवतात. कुणी फसलं असेल तर पुडी फेकू नका. पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा आणि पोलिसांत व अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. मी दिली आहे. आणि डॉक्टरांसमोर शब्द फुटत नसतील तर "गोळी सुरू झाल्यापासून खाली खाज येते" एवढं चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवा.