एआय हाताशी घेऊन आठ महिने भाषांतर केलं, त्याचा अनुभव

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. बँकांची माहितीपत्रकं, आरोग्यविषयक पुस्तिका, वर्षाकाठी एखादं पुस्तक. गेले आठ महिने एक एआय साधन पैसे भरून वापरतेय. नाव घेत नाही, कारण माझी तक्रार त्याच्यापेक्षा माझ्याच सवयीबद्दल जास्त आहे.

पहिले दोन महिने नुसती चंगळ. तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकायचं. मजकूर टाकायचा, खर्डा उचलायचा, वरून हात फिरवायचा. मग घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीची एक पुस्तिका पाठवली आणि संपादकबाईंचा फोन आला. "ताई, हे 'काळजीवाहू' कोण? मंत्रिमंडळ का?" दोघीही हसलो. पुढचा प्रश्न मात्र टोचला. एका मथळ्यात 'काळजीवाहूंची काळजी' असं होतं. ही काळजी म्हणजे निगा की चिंता, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. तो शब्द मी निवडलाच नव्हता. तो आला, बरा दिसला, राहिला.

आपल्याकडे साधं म्हणतात, 'सासूबाईंचं सगळं तीच करते.' आजारी माणसाचं करणं. हा प्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ऐन वेळी तो आठवलाच नाही, कारण आठवायची वेळच मी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. 54 जणांना निबंध लिहायला लावले, काहींना चॅटजीपीटी देऊन, काहींना शोधयंत्र देऊन, काहींना नुसत्या डोक्याने. चॅटजीपीटीवाल्यांपैकी बहुतेकांना स्वतःच नुकत्याच लिहिलेल्या निबंधातलं एक वाक्यही नीट उद्धृत करता आलं नाही. माणसं थोडी, शिवाय तेव्हा इतर तज्ज्ञांनी तो तपासलेला नव्हता, त्यामुळे 'मेंदू सडतो' वगैरे बातम्यांवर माझा विश्वास नाही. पण त्या वाक्याच्या मुद्द्यापाशी मी थांबले. फोनवर माझं नेमकं तेच झालं होतं.

सगळंच जपायला हवं असं मला वाटत नाही. आजोबांना पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे पाढे, सगळं तोंडपाठ होतं. मला औटकी येत नाही, त्यावाचून काही अडलंही नाही. बिलं, जीएसटीचे तक्ते, ग्राहकाला पाठवायची नम्र स्मरणपत्रं यंत्राने खुशाल करावीत. शब्दाची निवड मात्र माझ्या पोटापाण्याची गोष्ट आहे.

म्हणून तिसऱ्या महिन्यापासून क्रम उलटा केला. पहिला खर्डा वहीत, पेनाने. अडलं की समासात दोन-तीन पर्याय लिहून पुढे जायचं. पहिले पंधरा दिवस लाज वाटण्याजोगे गेले. एका परिच्छेदाला अर्धा तास, आणि हात सारखा फोनकडे. पुढे हळूहळू शब्द येऊ लागले, तेही भलत्याच वेळी, मेथी निवडताना किंवा बसमध्ये. पुस्तिकेचं नवं नाव, 'आजारी माणसाचं करताना', असंच आलं.

यंत्र आता शेवटी येतं. 'लिहून दे' म्हणत नाही. 'मूळातलं काय सुटलंय, कुठल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात' असं विचारते. यात ते खरंच उपयोगी आहे. गळलेली ओळ, चाळीस हजाराचे झालेले चार लाख चटकन दाखवतं. मत विचारलं तर मात्र कौतुकच करतं. मुद्दाम भिकार परिच्छेद दिला, तोही त्याला 'प्रवाही' वाटला.

एक गोष्ट अजून गेलेली नाही. त्याची ढब माझ्या हाताला लागली आहे. भाच्याच्या मुंजीचं आमंत्रण लिहिताना मी 'हा केवळ एक सोहळा नाही, तर' असं सुरू केलं. दादा म्हणाला, "मुंज आहे गं, अधिवेशन नाही." त्यावर उतारा म्हणून रोज रात्री दहा पानं जुनं मराठी मोठ्याने वाचते. किती गुण येतोय, कळेल.

हिशेब म्हणाल तर तीन दिवसांचं काम आता अडीच दिवसांत होतं. बचत एवढीच. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर सवलत आहे. मी महिन्याचीच भरते.