रात्रीची धडधड आणि बोटांनी काढायचा ईसीजी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे, येऊन-जाऊन होणारा. हृदयाचे वरचे कप्पे मध्येच ताल सोडून नुसते थरथरतात आणि नाडी वाटेल तशी पडते. दिवसा लालबागच्या गजबजाटात काही जाणवत नाही. रात्री शेवटच्या लोकलचा आवाज विरला, की उशीत कानाशी धप्प, धप्प सुरू होतं. मग डोळा लागत नाही. याच भीतीपोटी जूनमध्ये हे छोटं यंत्र घेतलं. दोन धातूच्या पट्ट्यांवर दोन्ही हातांची बोटं टेकवायची, तीस सेकंद गप्प बसायचं, की मोबाइलवर ईसीजीची एक पट्टी उमटते.

पहिला महिना वाईट गेला. पावसाळ्यात हात सतत घामेजलेले, पट्टीभर नुसती कुरकुर, आणि खाली ‘वाचता आले नाही’. मोबाइल चार्जिंगला असला की रेघ आणखी बिघडते, हे मला माझंच शोधावं लागलं, माहितीपत्रकात ते ठळक लिहायला हवं होतं. आता हात पुसते, चार्जर काढते, कोपर उशीवर टेकवते आणि बोलत नाही. तेवढ्याने दहातल्या नऊ पट्ट्या स्वच्छ येतात.

जुलैत डॉक्टरांना चौदा पट्ट्या दाखवल्या. सगळ्या ‘भयंकर’ रात्रींच्या. त्यातल्या अकरांमध्ये एएफ नव्हताच! एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा, त्या थांब्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. मला ‘ठोका चुकला’ वाटायचं ते हे. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला आणखी टेकतं, म्हणून तिथे जास्त जाणवतं. तेव्हापासून मी उजव्या कुशीवर झोपते. ठोके गेले नाहीत, पण मी त्यांना घाबरून उठून बसत नाही.

यंत्राने मला खरं शिकवलं ते मात्र दसऱ्यानंतरच्या एका रात्री. काहीच होत नव्हतं, छान वाटत होतं. सवयीने झोपण्याआधी पट्टी काढली, तर ‘एएफची शक्यता’. पुन्हा काढली, तेच. ठोक्यांमधली अंतरं एकाला एक जुळत नव्हती आणि प्रत्येक ठोक्याआधी दिसणारा छोटा उंचवटा गायब. सकाळी सहाच्या पट्टीतही तसंच होतं. रात्रभर एएफ, आणि मला पत्ता नाही. सांगायला वाईट वाटतं, पण तोवर मी ‘या आठवड्यात धडधड नाही’ म्हणून अपिक्साबॅनची, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची, संध्याकाळची गोळी अधूनमधून चुकवत होते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते; त्याला मला जाणवतंय की नाही याच्याशी देणंघेणं नाही. या गोळीचा असर लवकर उतरतो, म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. त्या दिवसापासून एकही चुकवलेली नाही. माझ्यासारखं कुणी करत असेल, तर कळकळीने सांगते, थांबवा ते.

उणीव एक मोठी आहे, आणि ती यंत्राची कमी, माझ्या मनाची जास्त. हाताशी असलं की राहवत नाही. एका रात्री नऊ पट्ट्या काढल्या, प्रत्येकीनंतर छाती अधिकच धडधडली. आता नियम केलाय: आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायची, मग एकच पट्टी, वेळ लिहायची, आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत.

आणखी एक. या पट्टीत हार्ट अटॅक कळत नाही. छातीत कळ, भोवळ, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, यांतलं काही झालं तर यंत्राला हात न लावता रुग्णालय गाठायचं. घरी सगळ्यांना हे सांगून ठेवलंय.

सेल एकदाच बदलला. पट्ट्यांवरच्या वेळांवरून डॉक्टरांच्या लक्षात आलं की माझे खरे एएफ बहुतेक पहाटे दोन ते चारमध्ये येतात. त्यांनी ह्यांना विचारलं, “ह्या घोरतात का?” हे म्हणाले, “घोरते, आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबतो.” झोपेत श्वास अडकणं आणि एएफ यांची सांगड असते म्हणे. पुढच्या आठवड्यात झोपेची तपासणी आहे.